भुताळी खरी निघाली तर कादंबरी कुणाच्या बाजूची?

गोदाकाठी (धागाकर्ता)

मंडळी, एक भयकादंबरी लिहितोय आणि ती मध्यावर येऊन अडली आहे. इथे भुताखेतांचे धागे रात्री जागून वाचणारे आहेत, नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडचेही काही जण आहेत, म्हणून सरळ इथेच मांडतो.

कथा थोडक्यात अशी. पेठच्या पलीकडे गुजरातच्या हद्दीला लागून एक पाडा. नाव मुद्दाम दिलेलं नाही. पावसाळ्यात ओढ्यावरची फरशी पाण्याखाली गेली की पाड्याचा जगाशी संबंध तुटतो. आषाढात एक तरणा पोरगा झोपेतच जातो. पंधरवड्यात दुसऱ्या घरातलं लेकरू. भगत दाणे बघतो आणि टोकाच्या घरात एकटी राहणाऱ्या विधवेकडे बोट दाखवतो. ती भुताळी, म्हणजे करणी करणारी बाई, ठरते, तिला पाड्याबाहेर काढतात. पण मरणं काही थांबत नाहीत.

पहिल्या खर्ड्यात ती बाई खरोखरच भुताळी आहे. शेवटच्या प्रकरणात तिचं रूप उघडं पडतं, स्मशानातला प्रसंग वगैरे सगळं आहे. बायकोने वाचलं आणि एवढंच म्हणाली, "म्हणजे भगत बरोबरच होता की." तेव्हापासून पुढे एक ओळ लिहिलेली नाही.

उलटं करून पाहिलं. बाई निर्दोष, सगळा अंधश्रद्धेचा खेळ. मग दोनशे पानं वाचकाला घाबरवायचं आणि शेवटी त्याच्या हातात प्रबोधनाचं पत्रक ठेवायचं, असं होतं. मला पत्रक लिहायचं नाही. भूत खरं हवं आणि बाई निर्दोष हवी. हे जमेल का, आणि जमलं तर कसं?

खट्याळ_काळू

एवढा विचार करून कुणी भूत लिहितं का? उलटे पाय, मोकळे केस, अमावस्या. लोक वाचतात. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

कार्यकारणभाव

धागाकर्त्यांच्या पत्नीला माझा नमस्कार. सगळं त्या एका वाक्यात आलं.

हडळ, मुंजा, खवीस लिहा, माझी काही हरकत नाही. मुंजाला कुणी घरातून ओढून काढून मारत नाही. भुताळीचं तसं नाही. ती जिवंत बाई असते, तिला नाव असतं, तिचं रेशनकार्ड असतं. आपल्याकडे यासाठी जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. त्याच्या अनुसूचीत बारा बाबी आहेत. एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते असं भासवून तिला छळणं ही त्यातलीच एक. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. ज्या गोष्टीवरून बायका मारल्या गेल्या, ती गोष्ट "खरीच होती" असं सांगणारी कादंबरी मी विकत घेणार नाही.

रात्रपाळी

@कार्यकारणभाव, कायदा कृत्यांबद्दल आहे, कादंबरीतल्या पात्रांबद्दल नाही. अमक्या भगताकडे जा असं सांगणं वेगळं आणि भगत रंगवणं वेगळं. पण तुमचा मूळ मुद्दा मान्य. तो नीतीचा आहेच, शिवाय कारागिरीचाही आहे.

भुताळी शेवटी भुताळीच निघाली तर वाचकाला दचकायला काय उरतं? गावाने पान चाळीसवर जे सांगितलं तेच लेखकाने पान दोनशेवर सांगितलं. भयकथेत गावाला जे ठाऊक आहे आणि जे खरं आहे यांत फट हवी. भीती त्या फटीतून येते.

(अंबडच्या कंपनीत रात्रपाळीला आहे, मोबाइलवरून टंकतोय. शुद्धलेखन सांभाळून घ्या.)

गोदाकाठी

फट हवी हे पटतंय, पण त्या फटीत ठेवायचं काय? गावाला वाटतं बाई, प्रत्यक्षात आहे वेताळ, असं केलं तर नुसता आरोपी बदलतो. पोलिसकथा होते ती.

नागलीभाकर

मी सुरगाणा तालुक्यातली. नोकरीमुळे आता नाशिकला, पण आईवडील गावीच आहेत. लिहावं की नाही असं झालं होतं. कारण असे धागे निघाले की आमची गावं म्हणजे फक्त भगत आणि कोंबडं एवढंच उरतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

पहिलं, भगत असा उठून बोट दाखवत नाही. आजारी माणसाच्या घरचे त्याच्याकडे जातात तेव्हा संशय आधीच त्यांच्या पोटात असतो. त्यांच्या प्रश्नांवरूनच तो ताडतो. सूप, तांदळाचे दाणे, दिवा. दाणे जोडीने निघतात की एकटा दाणा उरतो ते बघणं. तो सहसा नाव घेत नाही. "उगवतीकडचं घर आहे, जवळचंच आहे, तुमच्या ताटात जेवलेलं आहे" असं बोलतो. नाव घरचेच घेतात. अनेकदा भगत दुसऱ्या गावचा असतो, म्हणजे त्याला उद्या त्या बाईच्या डोळ्याला डोळा द्यायचा नसतो. आणि सगळे भगत तसे नसतात हेही लिहा. झाडपाल्याची जाण असलेले, बाळंतिणीला स्वतः दवाखान्यात पाठवणारेही असतात.

दुसरं, चावडीवर सगळं गाव जमून निवाडा करतंय असं चित्रपटात असतं. खऱ्यात तसं काही होत नाही. आधी तिला आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, बोलवणं बंद होतं. आवणी एकमेकांच्या हातांवर चालते, आज तुमच्या खाचरात, उद्या माझ्या. कुणी बोलावलं नाही की तिचं शेत पडून राहतं. मग विहिरीवर ती आली की बाकीच्या हंडे उचलतात. मग तिच्या अंगणातून पोरं जात नाहीत. मारहाण झाली तर सगळ्यात शेवटी. बऱ्याचदा त्याआधीच ती माहेरी निघून गेलेली असते, आणि मग तिची दोन खाचरं दीर कसतो. ते दोन खाचरांचं प्रकरण कादंबरीत घाला, नाही तर अर्धं खरं सुटेल.

तिसरं. हे सगळं झाल्यावर गावात कुणालाही विचारा, तिचं नाव पहिल्यांदा कुणी घेतलं? कुणालाच आठवत नाही. "लोक म्हणत होते" एवढंच सांगतात.

रात्रपाळी

गोदाकाठी, मिळाली तुमची फट! "नाव पहिल्यांदा कुणी घेतलं हे कुणालाच आठवत नाही."

समजा, एक काहीतरी आहे. ते काय आहे ते शेवटपर्यंत सांगायचं नाही. त्याला रूप नाही, पाय उलटे नाहीत न सुलटे नाहीत. ते फक्त नावाच्या मागे येतं. नाव ज्या तोंडातून पहिल्यांदा निघालं, त्या घराकडे. गावाला वाटतं, बाईचं नाव घेतलं म्हणून बाई सूड घेते. मग गाव आणखी जोरात नाव घेतं. वाचकाला मात्र हळूहळू हिशोब लागतो की मरणं बाईकडून येत नाहीत, ती बोलण्याकडून येतायत. भूत खरं, बाई निर्दोष. आणि प्रत्येक घराने आपलं भूत स्वतः बोलावलेलं.

जुनं_नाशिक

वा! हे वाचून खरंच अंगावर आलं.

अवांतर: आपण शहरातले पाड्यावर हसतो. आमच्या गल्लीत घरात मूल होत नाही, धंदा बसला, पोराचं लग्न जमत नाही, की त्र्यंबकला तीन दिवसांचा नारायण नागबळी. नाही तर कालसर्पाची शांती. भगत सुपात दाणे बघतो, आपण पत्रिकेत घरं बघतो.

शास्त्रार्थी

ही तुलना आक्षेपार्ह आहे. नारायण नागबळी हा शास्त्रोक्त विधी आहे. दुर्मरण आलेल्यांच्या सद्गतीसाठी नारायणबळी आणि सर्पहत्येच्या दोषासाठी नागबळी. त्याचा जादूटोण्याशी काही संबंध नाही.

नागलीभाकर

@शास्त्रार्थी, वाद नको, पण एक फरक मलाही दिसतो आणि तो तुमच्या बाजूचा आहे. त्र्यंबकच्या विधीत दोष जातो मेलेल्यांकडे. पणजोबा, कधीकाळी मारलेला नाग. त्यांचं आता कुणी काही बिघडवू शकत नाही. आमच्याकडे दोष जातो शेजारच्या जिवंत बाईकडे. दुःखाला कारण हवं असतं, ते दोन्हीकडे सारखंच. कारण कुणाच्या अंगावर टाकलं जातं, यावर सगळं ठरतं.

जुनं_नाशिक

ताई, हे माझ्यापेक्षा नीट मांडलंत. शास्त्रार्थी, राग नसावा.

डॉ_मखमलाबाद

कादंबरीतली मरणं कशाने होतात, यावर थोडं. वाचकाला दोन अर्थ लागायला हवे असतील तर दुसरा अर्थही पक्का हवा. "गूढ ताप" असं मोघम लिहू नका.

झोपेतच गेलेला तरणा पोरगा म्हणजे जवळजवळ मण्यार. ती रात्री फिरते आणि पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्यांना चावते. दात इतके बारीक की खूण सापडत नाही. घोणशीसारखी सूज नाही, फारशी वेदना नाही, त्यामुळे कित्येकदा माणूस जागाही होत नाही. काही तासांनी पोटात कळा येतात, घसा आवळल्यासारखा होतो, पापण्या मिटायला लागतात, बोलणं अडखळतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. तुमच्या कथेला लागणारी गोष्ट पुढेच आहे. हे होत असताना माणूस बराच वेळ शुद्धीत असू शकतो. डोळा उघडत नाही, बोट हलत नाही, पण आजूबाजूचं बोलणं ऐकू येतं. घरचे त्याच्या उशाशी बसून "कुणी केलं असेल" हे बोलतायत आणि तो ते ऐकतोय.

वेळेत सर्पविषाची लस मिळाली आणि गरज पडल्यावर कृत्रिम श्वास देता आला तर असा रुग्ण वाचतो. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर चालते. पण फरशी पाण्याखाली आणि रुग्ण झोळीत. जादूटोण्याच्या कायद्यात सापविंचू चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं ही वेगळी बाब आहे, ती उगाच नाही.

दुसरं, एकाच घरात मुलं आजारी पडत राहणं. तिथे सिकलसेल बघा. आदिवासी भागात त्याचं प्रमाण बरंच आहे. आई आणि वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. वाहकांना स्वतःला सहसा काही होत नाही, म्हणून धडधाकट आईबापाची पोरं हाडांच्या दुखण्याने रात्ररात्र किंचाळतात. तान्हेपणी पहिले काही महिने ठीक, मग सुरू. पावसात भिजलं, गारठा पडला, ताप आला, पाणी कमी पडलं की दुखणं उसळतं. एका घरात तिघांपैकी दोघं आजारी आणि शेजारच्या घरात कुणीच नाही. "त्या घराला लागलंय" असं लोक म्हणणारच. रक्ताची साधी तपासणी झाली की कळतं. तुमच्या पाड्यावर ती व्हायची राहिली आहे, एवढंच.

गोदाकाठी

डॉक्टर, खूप आभार. मण्यारीचा प्रसंग मी उशाशी बसलेल्यांच्या बाजूने लिहिला होता. आता त्या पोराच्या बाजूने लिहिणार. मिटलेल्या डोळ्यांआड.

रात्रपाळीची कल्पना घेतोय, परवानगी आहे ना? काही गोष्टी पक्क्या होतायत. पहिलं मरण मण्यारीचं, ते कुणीच बोलावलेलं नाही. नुसतं मरण. त्यावर नाव घेतलं जातं, आणि तिथून ते दुसरं काहीतरी जागं होतं. दुसऱ्या मरणापासून वाचकाला मण्यार पुरत नाही.

रात्रपाळी

घ्या, घ्या. अर्पणपत्रिकेत "अंबडच्या सेकंड आणि थर्ड शिफ्टला" एवढं टाका.

कार्यकारणभाव

मी अजून गप्प बसणार नाही. नाव घेणाऱ्याच्या घरी मरण, म्हणजे पाप तसं फळ. ही तर आजीच्या कहाणीतली नीती झाली. वाईट बोललास, देवाने शिक्षा केली. दुसरं असं की त्या बाईच्या छळाचा न्याय कुणीतरी अदृश्य करून टाकतंय. वाचक निश्चिंत होऊन झोपेल. प्रत्यक्षात छळणाऱ्याच्या घरी काही होत नाही हो, तो दोन खाचरं कसतो आणि पुढच्या वर्षी सरपंच होतो.

गोदाकाठी

हा घाव बरोबर बसलाय. म्हणून विचार करतोय की ते "काहीतरी" न्यायी नसावं. त्याला अपराध कळत नाही, फक्त आवाज कळतो. आईने चुलीपाशी म्हटलेलं नाव चार वर्षांच्या पोरीने अंगणात गाण्यासारखं म्हटलं, तर ते पोरीकडे येईल. आणि दीर, ज्याला खाचरं हवी आहेत, तो हुशार आहे. तो स्वतः कधीच नाव घेत नाही. दुसऱ्यांकडून वदवून घेतो. त्याला शेवटपर्यंत काही होत नाही.

कार्यकारणभाव

...हं. विकत घेईन कदाचित.

मीरा_सातपूर

वाचनमात्र होते, आता राहवत नाही. निवेदक कोण आहे हे कुणी विचारलंच नाही. एसटीतून उतरलेला शहरी मास्तर नसावा एवढीच प्रार्थना. हातात पिशवी, "साहेब, तिकडं रात्रीचं जाऊ नका" म्हणणारा म्हातारा, मास्तर हसतो... हे इतकं वाचलंय की म्हातारा बोलायच्या आधी मीच बोलते.

गोदाकाठी

मास्तरच होता. पेठ नाक्यावरून एसटीत बसत होता. :) आजपासून त्याची बदली.

मीरा_सातपूर

मग बाईलाच निवेदक करा. भुताळी ठरवलेल्या बाईला नको, तिला बोलू दिलं की ती बाजू मांडणार आणि वाचक लगेच तिच्या बाजूने जाणार. जिने पहिल्यांदा नाव घेतलं तिला बोलू द्या. तरुण सून, दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या छाटणीला जाऊन येणारी, थोडंफार जग बघितलेली, भगतावर फारसा विश्वास नसलेली. आणि तरीही तिच्याच तोंडून गेलेलं. "लोक म्हणत होते" मधले ते लोक म्हणजे आपणच, हे तिला एकटीला ठाऊक.

नागलीभाकर

मीराताईंना अनुमोदन. छाटणीची गोष्ट कालक्रमाला धरून घ्या. दिवाळीच्या आसपास पोतं-भांडी बांधून कुटुंबंच्या कुटुंबं द्राक्षाच्या पट्ट्यात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर राब, नांगरट, आवणीसाठी परत येतात. म्हणजे पाड्यावर सगळे एकत्र असतात ते पावसाळ्यात. नाव पसरायलाही माणसं लागतात. आणि ज्या सुनेने दिंडोरीत बागायतदाराच्या घरचा टीव्ही पाहिलाय, तिला भीती वाटत नाही असं समजू नका. टीव्हीवर तर रोजच कुणावर तरी करणी चाललेली असते.

खट्याळ_काळू

बोहाडा घाला ना राव! रात्री मशालीच्या उजेडात मुखवटे, सांबळ, पिपाणी. एक मुखवटा जास्तीचा निघतो, आत माणूसच नाही. आपण तर तिकीट काढून बसू.

गोदाकाठी

काळू पहिल्यांदाच कामाचं बोललाय. जास्तीचा मुखवटा मोह पाडणारा आहे खरा.

नागलीभाकर

मोह आवरा. बोहाड्यातले मुखवटे म्हणजे देव आहेत. गणपती, नरसिंह, खंडेराव, वेताळ, रावणसुद्धा. एकेका घराण्याकडे एकेका सोंगाचा मान असतो, नवस बोलून सोंग घेतात, आधी पूजा होते. शहरातल्या वाचकाला मशाल आणि मुखवटा दिसला की ते भीतीदायक वाटतं, आम्हाला तो वर्षाचा आनंद असतो. शिवाय बोहाडा उन्हाळ्यातला, तुमची कथा पावसातली. डोंगऱ्या देवाचंही तसंच. मार्गशीर्षात माऊल्या, म्हणजे त्या देवाचे भक्त, व्रत धरतात, पावरी वाजते, ते कथेत येऊ द्या, पण भूत म्हणून नको. पाड्यावर भीतीशिवायही पुष्कळ काही असतं, तेही वाचकाला दिसू द्या. एक साधा आनंदाचा दिवस आधी येऊन गेला असेल तर नंतरचं जास्त लागेल.

बोहाडा ठेवायचाच असेल तर पुस्तकाच्या सुरुवातीला ठेवा, चैत्रात. त्या रात्री ती विधवा आणि ती सून शेजारी बसून सोंगं बघतायत, एकाच घोंगडीवर.

रात्रपाळी

एकाच घोंगडीवर. बस. पहिलं प्रकरण झालं.

जुनं_नाशिक

संदर्भासाठी सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) जाऊन या. १८४० पासूनचं वाचनालय आहे, जुनी पुस्तकं बघायला मिळतात. नाशिक जिल्ह्याचं १८८३ चं गॅझेटियरही चाळा. साहेबाच्या नजरेतून लिहिलेलं आहे हे ध्यानात ठेवून वाचायचं, पण रस्ते, जंगल, पेठ संस्थान याबद्दल बरंच सापडेल.

शास्त्रार्थी

कायद्याची एक पुरवणी माझ्याकडूनही. बाईला वाळीत टाकण्याचा भाग असेल तर राज्याचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, तो २०१७ पासून लागू आहे. कथेचा काळ त्याच्या आधीचा की नंतरचा ते ठरवा. नंतरचा असेल तर पोलिस पाटील काय करतो, हा प्रश्न वाचक विचारणार. मला त्या निवेदक सुनेची भीती वाटायला लागली आहे, हे जाता जाता.

गोदाकाठी

काळ नंतरचाच. पोलिस पाटील आहे, फरशी उतरली की येतो, पंचनामा मण्यारीचा करतो आणि तो चुकीचा नसतो.

काल रात्री नवीन सुरुवात लिहून बघितली. सुनेच्या तोंडून. चालतंय का सांगा.

*मी नाव घेतलं नव्हतं. मी फक्त सासूला म्हटलं, आवणीच्या दिवशी काकी आपल्या बांधावर उभी होती. बाकीच्या सगळ्या वाकलेल्या आणि ती एकटी उभी. एवढंच. सासू काही बोलली नाही. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि भाकर उलटवली.*

*तिसऱ्या दिवशी विहिरीवर माझंच वाक्य मला परत भेटलं. आता त्यात काकीच्या हातात काहीतरी होतं. दोन दिवसांनी तिचे केस मोकळे झाले. त्यानंतर ती आवणीला आलीच नव्हती, रात्री आली होती, आणि तिला बघणारी मी नव्हते, जाऊ होती. जाऊ शपथ घेऊन सांगत होती. मी तिच्याकडे बघत राहिले. तिचं खोटं नव्हतं. तिला खरंच आठवत होतं.*

*त्या रात्री पाऊस थांबला. एवढा थांबला की बेडूकही गप्प. नवरा झोपला होता, पोरगी माझ्या कुशीत. आणि दारापलीकडून कुणीतरी हळूच म्हणालं, "आवणीच्या दिवशी काकी आपल्या बांधावर उभी होती."*

*आवाज माझा होता. जसं मी चुलीपाशी म्हटलं होतं तसंच, त्याच दमात, मध्ये लाकूड तडकल्याचा आवाजही होता.*

*नवरा कूस बदलून म्हणाला, "आत्ता काय बोललीस?"*

*मी म्हटलं, "काही नाही." पोरगी झोपेतच ओठ हलवत होती.*

मीरा_सातपूर

लाकूड तडकल्याचा आवाज!! दिवा लावून बसलेय आता.

डॉ_मखमलाबाद

"तिचं खोटं नव्हतं, तिला खरंच आठवत होतं" हे फार बरोबर आहे. माणसाची आठवण अशीच चालते. दहा जणांकडून ऐकलेलं आपण पाहिलेलं वाटायला लागतं. मला वाटतं, तुमच्या पुस्तकातली सगळ्यात भीतीदायक ओळ तीच आहे, दाराबाहेरचा आवाज नव्हे.

रात्रपाळी

डॉक्टरांशी असहमत, मला आवाजच. पण "एवढा थांबला की बेडूकही गप्प" काढा. प्रत्येक भयकथेत प्राणी गप्प होतात. उलट बेडूक ओरडत असू द्या, तेवढ्या कालव्यातूनही वाक्य स्पष्ट ऐकू येतं, हे जास्त वाईट.

कार्यकारणभाव

पोरीचे ओठ हलत होते. म्हणजे चार वर्षांची ती हीच का? धागाकर्ते, तुम्ही निर्दय आहात. चांगलं चाललंय.

नागलीभाकर

सगळे वाकलेले आणि ती एकटी उभी, हे नेमकं पकडलंय. पण ती का उभी होती तेही तुम्हाला लेखक म्हणून ठाऊक हवं. आवणीत दिवसभर वाकून कंबर धरते, साठीची बाई मिनिटभर सरळ होते. बाकी काही नाही. पुस्तकात कुठेतरी सुनेची स्वतःची कंबर धरू द्या आणि तीही बांधावर उभी राहू द्या. ते कुणीतरी बघू द्या.

एक बारीक दुरुस्ती. घर कुडाचं असेल ना? कारवीच्या काड्या आणि त्यावर शेणमाती. मग आवाज दाराबाहेरूनच का? कूड पातळ असतो, माणूस जिथे डोकं टेकून झोपतो तिथूनच पलीकडचं ऐकू येतं. उशाकडून येऊ द्या.

गोदाकाठी

उशाकडून! घेतलं. बेडूकही ओरडतील. कंबरेचा प्रसंग शेवटून तिसऱ्या प्रकरणात बसतोय, कुठे ते आत्ताच दिसतंय.

नागलीताई, एक राहिलं. फरशी बुडालेली असताना झोळी नेतात तेव्हा किती जण लागतात, आणि पाणी कुठपर्यंत असलं की उतरतात, कुठपर्यंत असलं की माघारी फिरतात? हे मला अंदाजाने लिहायचं नाही.

नागलीभाकर

दोन खांद्याला, दोन बदलीला, शिवाय पुढे काठी टाकत एक जाणता. पाण्याचं माप असं सांगता येत नाही, ते त्या जाणत्यावर असतं. भाऊ गावी आहे, त्याने हे केलंय, त्यालाच विचारून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. शनिवारी बाजाराला येतो तेव्हाच त्याच्या मोबाइलला रेंज असते, तोवर थांबा.

रात्रपाळी

पुढचं प्रकरण टाकाल तेव्हा नवा धागा काढा हो. या धाग्याचं दुसरं पान मोबाइलवर उघडायला लागलं की सुपरवायझर येतो.